जातो म्हणायचं नाही

मागच्या मंगळवारी मीटिंगमध्ये बसलेली असताना डायनाचा मेसेज आला. दोनच शब्द होते. 'मॉम्स गॉन.' मी डोक्याने जरा जाडच. पहिल्यांदा मला वाटलं, गेल्या? कुठे गेल्या? त्यांना तर हल्ली कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा चालवत नाही, एकट्या गेल्या कशा? मग डोक्यात प्रकाश पडला. मी लॅपटॉपचा कॅमेरा बंद केला आणि एडिनबराच्या त्या माझ्या एवढ्याशा फ्लॅटमध्ये भिंतीकडे तोंड करून बसून राहिले.

डायनाच्या आईला, म्हणजे सिपोरामावशींना, हा मेसेज मुळीच चालला नसता. "गॉन काय गॉन? शब्द महाग झालेत का मेले?" असं म्हणून त्यांनी डायनाला तो पुन्हा लिहायला लावला असता.

चार वर्षं मी त्यांच्या हाउन्सलोच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहिले. नागपूरहून लंडनला नोकरीसाठी आले तेव्हा एका मराठी ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं, 'चेऊलकर, एक खोली, मराठी बोलणारं माणूस हवं.' चेऊलकर म्हणजे अलिबागकडचे कोणीतरी, असं समजून मी घरून आणलेला तिळगूळ घेऊन गेले. दाराच्या चौकटीवर बोटाएवढी एक तिरपी डबी ठोकलेली होती. दार उघडलं ते एका ठेंगण्या, गोऱ्या, नाकावर चष्मा घसरलेल्या बाईंनी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्या डबीकडे पाहत होते ते पाहिलं, आणि म्हणाल्या, "आम्ही ज्यू. बेने इस्राएल. भायखळ्याचे. घाबरू नकोस, भांडते मराठीतच."

आत बसवून त्यांनी घराचे नियम सांगितले. दूध आणि मटण एका जेवणात नाही. डुकराचं काही घरात आणायचं नाही. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावले की शनिवारी काळोख पडेपर्यंत त्यांना कुठलंही काम सांगायचं नाही. "बाकी काय हवा तो गोंधळ घाल," त्या म्हणाल्या. आणि माझ्या तिळगुळाचा तुकडा तोंडात टाकून, "गूळ बरा आहे. तीळ जळलेत."

झालं. तिथून सुरुवात.

हाउन्सलो विमानतळाला लागूनच, डोक्यावरून सारखं विमान जातं. इतर माणसं अशा वेळी आवाज चढवतात. मावशी थांबायच्या. एक बोट वर, तोंड अर्धवट उघडं, विमान जाईपर्यंत गप्प. आणि मग वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे. "ती शेजारीण काल मला म्हणते, तुमची..." विमान. "...मांजर आमच्या बागेत घाण करते. अगं, मला मांजरच नाही!" मला सुरुवातीला याचं भयंकर हसू यायचं. नंतर मीही तशीच थांबायला लागले, आणि ऑफिसातल्या लोकांना वाटायला लागलं की माझं नेटवर्क गेलं.

राहायला गेल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी मी घाईत होते. "मावशी, जाते मी," असं जिन्यातूनच ओरडून बाहेर पडले. बसस्टॉपवर उभी आहे, तर समोरून मावशी. पायात घरातल्या सपाता, अंगात गाऊन, वरून कुणा पुरुषाचा जुना ओव्हरकोट, धापा टाकत, भुरभुर पावसात. मला वाटलं गॅस चालू राहिला.

"काय म्हणालीस निघताना?"

"कधी? काही नाही. जाते म्हटलं."

"जाते म्हणायचं नाही. तुझ्या आईने शिकवलं नाही तुला? येते म्हण."

स्टॉपवर सात-आठ माणसं. सगळी आमच्याकडे बघतायत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "येते," मी दातओठ खात म्हटलं.

"ये," त्या म्हणाल्या आणि वळून घरी गेल्या.

तेव्हापासून नियमच झाला. मी 'येते' म्हणायचं आणि त्यांनी असतील तिथून उठून दारापर्यंत यायचं, मग हाताला पीठ असो की साबण, आणि 'ये' म्हणायचं. त्या वर असताना मी गुपचूप सटकले तर ट्रेनमध्ये फोन यायचा. "निघालीस?" "हो." "मग म्हण." पिकॅडिली लाइनच्या डब्यात, गर्दीत उभ्या उभ्या, मी बावळटासारखी 'येते' म्हणायची. पलीकडून 'ये' आलं की फोन बंद. मला तेव्हा राग यायचा, खोटं कशाला बोलू. मी काय शाळेत जाणारी पोर होते?

एक गोष्ट मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आली. घराजवळच्या त्या स्टॉपवर मावशी स्वतः कधीच बस पकडत नसत. पुढच्या स्टॉपपर्यंत चालत जायच्या, गुडघे दुखत असले तरी. त्या स्टॉपवर त्या उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या त्या एकदाच, माझ्याकडून 'येते' म्हणवून घ्यायला आल्या तेव्हा.

त्यांच्या हाताचं जेवण कसं होतं ते मी सांगत बसत नाही, नाहीतर मला रडू येईल. पण बिरड्याचं सांगायला हवं. दर बुधवारी साउथॉलहून आणलेले वाल भिजायचे, मग फडक्यात बांधून मोड यायचे, आणि मग मावशी स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून एकेक दाणा कोमट पाण्यातून काढून सोलत बसायच्या. दोन-दोन तास. मी कधी मदतीला बसले तर माझे दाणे मोडायचे आणि त्या ते निमूटपणे वेगळे काढून ठेवायच्या, म्हणजे मला कळावं. नारळ-जिऱ्याचं वाटण पाट्यावर. होय, पाट्यावर! हाउन्सलोत, काउन्सिलच्या कचऱ्याच्या डब्याशेजारच्या ओट्यावर, मुंबईहून आणलेला पाटा-वरवंटा. त्यांचा खांदा दुखायचा म्हणून पहिल्या पगारातून मी त्यांना मिक्सर आणला. चांगला, महागातला. मावशींनी खोका उघडला, आत पाहिलं, आणि झाकण लावून टाकलं.

"परत कर."

"अहो, पण का? भेट आहे."

"या घरात मिक्सर लावायचा नाही. सांगून ठेवते."

इतक्या तुसडेपणाने म्हणाल्या की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आणि गंमत म्हणजे इतकं जिवापाड केलेलं बिरडं त्या स्वतः खायच्या नाहीत. मला वाढायच्या, शेजारी द्यायच्या, सिनेगॉगमधल्या एका म्हाताऱ्याला डबा पाठवायच्या. स्वतः दही-भात. "मला पचत नाही," म्हणायच्या. मी आपलं मानलं. म्हाताऱ्या माणसाचं पोट.

हॉलमध्ये आयझॅककाकांचा फोटो होता, त्यांच्या यजमानांचा. सव्वीस वर्षांपूर्वी वारले एवढंच मला ठाऊक होतं. विमानतळाजवळ विमानातल्या जेवणाचे ट्रे भरायच्या किचनमध्ये ते कामाला होते. मुलगी डायना कार्डिफला नर्स. दर रविवारी अकराला तिचा फोन. मावशी मराठीत बोलणार, ती इंग्रजीत उत्तर देणार, मधूनच एखादं मराठी वाक्य फेकणार, "मॉम, माझा चहा थंड झाली," आणि मावशी कपाळाला हात लावणार.

आता त्या सिनेमाचं सांगते.

लायब्ररीत गुरुवारी दुपारी म्हाताऱ्या लोकांसाठी सिनेमा दाखवत. चहा, दोन बिस्किटं, सिनेमा, आणि नंतर त्यावर गप्पा. मावशी न चुकता जायच्या. सिनेमा आळीपाळीने निवडायचा. त्या गुरुवारी पाळी होती मिसेस हान यांची. या कोरियन बाई मावशींच्याच वयाच्या, न्यू मॉल्डनहून दोन बस बदलून यायच्या. दोघींची मैत्री मोडक्या इंग्रजीत आणि बिस्किटांवर चालायची. सिनेमा कोरियन, खाली इंग्रजी अक्षरं. मावशींच्या डोळ्यात मोतीबिंदू, अक्षरं दिसेनात. म्हणून मला अर्ध्या दिवसाची रजा टाकायला लावून शेजारी बसवलं. मी अक्षरं वाचायची आणि त्यांच्या कानात मराठीत सांगायची.

सिनेमा जवळजवळ मुकाच होता. समुद्राकाठचं गाव, एका बाईची चार टेबलांची खाणावळ. एक माणूस रोज दुपारी येतो, त्याच खुर्चीवर बसतो, सूप-भात खातो. दोघं प्रेमाचं अक्षरही बोलत नाहीत. ती फक्त त्याच्या भाताखाली एक तळलेलं अंडं लपवून ठेवते, बाकी कुणाच्या नाही. मग एका दृश्यात ती जमिनीवर कागद पसरून मोड आलेल्या सोयाबीनची शेपटं खुडत बसलेली दिसते. एकेक. घाई नाही. मावशी भर हॉलमध्ये मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई! ही तर बिरडं सोलतेय!" पुढच्या रांगेतले दोघं दचकले.

मग एके दुपारी तो माणूस सूप अर्धं टाकून उठतो. ती चुलीकडे तोंड करून उभी. तो दारात थांबतो, काहीतरी म्हणतो, निघून जातो. आणि परत येतच नाही. पोलीस येतात, खडकावर त्याचा बूट सापडतो. बुडाला, की तिला सोडून गेला? शेवटपर्यंत सांगत नाहीत. ती रोज दुपारी त्याचा वाडगा मांडते, आणि सिनेमा संपतो.

तो दारात थांबला तेव्हा खाली अक्षरं आली, 'आय ॲम गोइंग.' मी कानात म्हटलं, "जातो म्हणाला."

मावशींनी माझं मनगट धरलं. सिनेमा संपेपर्यंत सोडलं नाही.

दिवे लागल्यावर चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं बुडाला, कुणी म्हणालं त्याचं दुसरीकडे लग्न झालेलं असणार. मावशी कधी चर्चेत बोलत नसत. त्या दिवशी उभ्या राहिल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "ही सेड आय ॲम गोइंग. ही वॉज अँग्री. फिनिश."

"नो, नो," मिसेस हान म्हणाल्या. "ही नॉट से दॅट. इंग्लिश राँग."

मग त्यांनी हातवारे करत समजावलं. तो माणूस दारात 'कात्ता ओल्केयो' असं काहीतरी म्हणाला होता. म्हणजे जाऊन येतो. घरातून निघताना घरच्या माणसाला असं म्हणतात. खाणावळीतून निघताना कुणी म्हणत नाही. इंग्रजीत ते येत नाही, म्हणून खाली नुसतं 'गोइंग' लिहून टाकलं. "ही से टु हर लाइक होम," मिसेस हान म्हणाल्या, आणि डोळे पुसायला लागल्या. "ही वाँट कम बॅक."

मावशी मटकन खाली बसल्या.

घरी येताना बसमध्ये त्यांनी खिडकीची जागा धरली. मग म्हणाल्या, "तू जातो का म्हणालीस मला?"

"तसं लिहिलं होतं ना खाली. गोइंग म्हणजे जातो."

"हो. गोइंग म्हणजे जातो." आणि खिडकीबाहेर बघत त्या बोलायला लागल्या. मी चार वर्षांत जे विचारलं नव्हतं ते सगळं.

"त्या दिवशी मी बिरडं केलं होतं. ह्यांनी डबा भरताना चमचाभर तोंडात घातलं आणि म्हणाले, अळणी झालंय गं. मी दोन दिवस त्या वालांमागे! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मग तिथलं विमानातलंच गिळा. ते म्हणाले, बरं, तेच गिळतो. डबा टेबलावर ठेवला आणि कोट घालायला गेले. आता दारातून काहीतरी म्हणतील, मला उत्तर द्यावं लागेल, म्हणून मी मिक्सर लावला. रिकामा गं! आत काही नव्हतं. नुसता रिकामा मिक्सर फिरवत उभी राहिले, दार वाजेपर्यंत."

बस सिग्नलला थांबली होती.

"आपल्या त्या स्टॉपवर खाली बसले. बस यायच्या आधीच सगळं संपलं होतं. डायना तेव्हा सतरा वर्षांची, दारात बूट घालत होती. तिला मी विचारलं, पपा निघताना काय म्हणाले? ती म्हणाली, ही सेड ही वॉज गोइंग." मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे जातो. आमचं लग्न होऊन बावीस वर्षं झाली होती. एक दिवस जातो म्हणाले नव्हते. कितीही भांडण होऊ दे. त्या दिवशी म्हणाले."

आणि मग आमच्या दोघींच्याही डोक्यात एकाच वेळी तेच आलं. डायनाने ते इंग्रजीत सांगितलं होतं.

"विचारा तिला," मी म्हटलं. "नेमका शब्द विचारा."

मावशींनी मान हलवली. रविवार आला, फोन आला, हवा-पाण्याच्या गप्पा झाल्या, फोन ठेवला. विचारलं नाही. दुसरा रविवार, तेच. बाई जेवेना, पाटा धुऊन कोपऱ्यात उभा. शेवटी मीच चिडले. माझा स्वभावच फटकळ. "अहो, किती दिवस असं जीव जाळणार? विचारून टाका ना एकदाचं!"

"आणि ती म्हणाली जातोच, तर?" मावशी म्हणाल्या. "आता निदान शंका तरी आहे."

तिसऱ्या रविवारी फोन वाजला तेव्हा मी सरळ स्पीकर लावला आणि समोर बसून राहिले. बराच वेळ कार्डिफच्या पावसाबद्दल ऐकून झाल्यावर मावशी म्हणाल्या, "डायना, पपा त्या दिवशी दारातून निघताना काय म्हणाले?"

"ओ मॉम. व्हाय आर यू... आय टोल्ड यू. ही सेड ही वॉज गोइंग."

"इंग्लिश नको. त्यांचा शब्द सांग. मराठीत."

वरून विमान आलं. मावशींचं बोट आपोआप वर झालं, ते मी कधी विसरणार नाही. विमान गेलं.

"येतो," डायना म्हणाली. "पपा बोलला, येतो. डेली तेच बोलायचा ना? येतो मीन्स आय ॲम गोइंग. डझंट इट?"

बरोबरच होतं तिचं. तिने लहानपणापासून बघितलेलं, पपा 'येतो' म्हणतात आणि दाराबाहेर जातात. त्याचा दुसरा अर्थ तिला कुणी सांगितला होता? पोरीने सरळ, चोख भाषांतर केलं होतं, आणि आईने ते सव्वीस वर्षं उलटं करून मनात ठेवलं होतं.

"मॉम? आर यू देअर?"

मी फोन हातात घेतला आणि तिला नंतर करते म्हणून सांगितलं. मला वाटलं होतं मावशींच्या छातीवरचा दगड उतरेल. त्या हसतील, रडतील, मला मिठी मारतील. तसं काही झालं नाही. त्यांचा चेहरा असा उतरला की मला स्वतःचीच शरम वाटली.

"इतकी वर्षं मी त्यांच्यावर रागावले होते," त्या म्हणाल्या. "तो राग होता म्हणून दिवस निघाले गं. मी मिक्सर लावला, ते जातो म्हणाले, फिटंफाट. आता काय करू? ते येतो म्हणाले. येतो म्हणून दारात थांबले असतील. आणि मी 'या' नाही म्हटलं."

मी उठून चहा टाकला. दुसरं काय करणार.

पुढच्या बुधवारी वाल भिजले. शुक्रवारी सकाळी बिरडं झालं आणि मावशींनी दोन ताटं घेतली. त्यांनी एक घास घेतला, सावकाश चावला, आणि माझ्याकडे पाहिलं.

"अगं, अळणी आहे."

मी मान खाली घातली. मीठ मला पहिल्या दिवसापासून कमीच वाटायचं. मी वरून घ्यायची, त्यांचं लक्ष नसताना.

"इतकी वर्षं सगळ्यांना अळणी घालतेय! सांगायचं नाही का कुणी?" त्या हसायला लागल्या. हसता हसता पदराने तोंड दाबून धरलं आणि तशाच बसल्या. ताटातलं मात्र सगळं संपवलं.

या एप्रिलमध्ये मला एडिनबराची नोकरी लागली. निघायच्या दिवशी सकाळी टॅक्सी दारात, माझ्या तीन बॅगा, आणि मावशींनी हातात दिलेला बिरड्याचा डबा. "मीठ बघितलंय," त्या म्हणाल्या. मी वाकून नमस्कार केला, तर "पुरे पुरे" म्हणून मला उठवलं.

"येते, मावशी."

"ये."

मी टॅक्सीत बसले. त्या फाटकात उभ्या राहतील असं मला वाटलं होतं. पण त्या फाटक उघडून बाहेर आल्या, पायात त्याच सपाता, अंगात तोच ओव्हरकोट, तो काकांचा होता हे आता मला ठाऊक होतं. आणि स्टॉपकडे चालायला लागल्या. आमची टॅक्सी सिग्नलला अडकली होती, तोवर त्या तिथे पोचल्या. स्टॉपवर कुणी नव्हतं. बाकाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात वर केला. मी काच खाली करून हात हलवला, पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

वरून विमान आलं. एरवी त्या थांबल्या असत्या. त्या दिवशी थांबल्या नाहीत, त्या आवाजातच बोलल्या. मला ऐकू आलं नाही, ओठ तेवढे दिसले, पण चार वर्षं मी त्यांच्या तोंडून रोज 'ये' ऐकलं होतं. हे 'ये' नव्हतं. रिकाम्या बाकाकडे बघत त्या म्हणाल्या, "या."